बतावणी आपल्याच गावाची

जत्रेत किंवा गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांना दहा मिनिटं मिळतात. ऑर्केस्ट्राची गाडी अजून वाटेत असते, बक्षीस समारंभाचे पाहुणे दुसऱ्या गावातून निघालेले नसतात, आणि कुणीतरी म्हणतं, "तवर तुम्ही कायतरी करा." मग मोबाईलवर आलेले नवरा-बायकोचे विनोद, एक तोतरा, साडी नेसलेला एक दांडगा गडी, एवढ्यावर भागवलं जातं. लोक हसतात आणि चहाच्या गाड्यापर्यंत जाईतो विसरून जातात. आठ दिवसांपूर्वी त्याच गावच्या ग्रामसभेत जे बोललं गेलं, ते नीट मांडलं असतं तर मांडव डोक्यावर घेतला असता.

सातारा आणि सांगलीच्या माणसानं विनोद बाहेरून आणावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठी नाटकाचा आरंभ आपण विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'पासून धरतो. तो प्रयोग ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं झाला. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधाराचं मंगलाचरण संपलं की गणपती आणि सरस्वती यायच्या आधी विदूषक नाचत यायचा आणि सूत्रधाराशी हुज्जत घालायचा. त्याच सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, कवलापूरचे काळू-बाळू, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. हसवण्याचं एवढं मोठं विद्यापीठ घराशेजारी असताना फॉरवर्ड केलेल्या विनोदावर कशाला जगायचं?

तेव्हा पुढची कृती त्या दहा मिनिटांसाठी आहे. दोन माणसं, एक माइक, आपल्या गावचा विषय. तमाशात गण झाला, गौळण झाली की वग सुरू होण्याआधी विनोदी संवादांची बतावणी होते. तोच बाज धरायचा. महिनाभर हाताशी ठेवावा. आदल्या रात्री बसून हे होत नाही.

आधी ऐकायचं

एक वही करा, खिशात मावेल अशी. विनोद सुचला की लिहायचा, असं या वहीचं काम नाही. कुणीतरी अगदी गंभीरपणे बोललेलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच तिचं काम. आपण ऐकलेलं वाक्य घरी जाऊन आठवतो तेव्हा ते सुधारून आठवतो, आणि सुधारलं की त्यातला जीव जातो. म्हणून तिथल्या तिथं लिहा. शेजारी दोन गोष्टी टिपा: बोलणारा त्या वेळी काय करत होता आणि त्याला कुणी काय विचारलं होतं. नाव लिहू नका. पुढं ते उपयोगी पडत नाही, आणि वही हरवली तर भांडणाला कारण होतं.

कुठं ऐकायचं? ग्रामसभा सगळ्यात उत्तम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ असतात. साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा चुकवू नका. विषय वाचून व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर'चा गजर कुठल्या कोपऱ्यातून सुरू होतो ते बघा. गळीत हंगामात उसाच्या फडावर जा. तोड कधी मिळणार म्हणून कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं फिरणारा शेतकरी काय बोलतो, ऊसतोड टोळीला वरचे पैसे म्हणजे 'खुशाली' देताना त्याच्या तोंडावर काय असतं, हे बांधावर उभं राहूनच कळतं. लग्नात अक्षता पडायच्या आधीचं निवेदन ऐका: मुहूर्त टळून जातो आणि माइकवाला अजून माजी उपसभापतींचं स्वागत करतोय. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यांमधून सासरच्या माणसांची जी हजेरी घेतली जाते ती तर पुरुषांच्या कानावर येतच नाही. म्हणून मंडळाच्या लिहिणाऱ्यांत एक तरी बाई असावीच असा माझा आग्रह आहे.

रक्षाविसर्जनाला होणारी भाषणंही कानावर पडतील, आणि वहीत जातीलही. ती मात्र वहीतच राहू द्या. ज्या घरात माणूस गेलाय, त्या घराच्या अंगणातलं काही जत्रेच्या मांडवात आणायचं नाही.

मग फट शोधायची

पंधरा दिवसांनी वही उघडा. बोलणं एक आणि असणं दुसरं, अशी फट जिथं दिसते त्या नोंदीवर खूण करा. रस्त्याचं भूमिपूजन झालंय, रस्ता नाही. श्रावण कडक पाळणारा माणूस श्रावणाच्या आदल्या दिवशी काय काय उरकतो. गावात दोन गट आहेत, दोघांच्या दूध संस्था वेगळ्या आहेत, आणि दोन्हींचे चेअरमन एकमेकांचे व्याही आहेत.

राजकारण वेगळं, संस्कृती वेगळी, रोजचं जगणं वेगळं असे कप्पे करू नका. आपल्याकडं ते वेगळे नाहीतच. सोसायटीची निवडणूक लग्नाच्या पंगतीत ठरते आणि पंगतीतलं भांडण सोसायटीच्या सभेत निघतं. जिथं हे तीन धागे एका नोंदीत गुंतलेत ती नोंद सोन्याची.

प्रत्येक फट मात्र हसण्याजोगी नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली शहर कृष्णेच्या महापुरात होतं आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात लोक टँकरची वाट बघत होते. यापेक्षा मोठी विसंगती कुठं मिळणार? पण त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पुराचा विषय घ्यायचा तर पंचनाम्याच्या फॉर्मवर हसा, घर वाहून गेलेल्या माणसाला 'घराचा पुरावा' मागणाऱ्या रकान्यावर हसा. पाण्यावर आणि पाण्यात अडकलेल्यांवर नाही.

हसायचं कुणाला, हे आधी ठरवा

इथं देवलांकडं जावं. 'संगीत शारदा' १८९९ चं. विषय काय, तर पैशासाठी पोटची कोवळी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप. प्रेक्षक त्या नाटकात हसतात, पण कुणाला? लग्नाची हौस न फिटलेल्या भुजंगनाथाला, सोयरीक जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला, लोभी कांचनभटाला. शारदेला एकदाही नाही. त्या काळच्या प्रेक्षागृहात असे भुजंगनाथ स्वतः बसलेले असणार, आणि आजूबाजूच्या हशात त्यांना आपलं तोंड दिसलं असणार. विनोदानं एवढं मोठं काम केलेलं उदाहरण घराजवळ असताना तोतऱ्या माणसाची नक्कल करणं हा करंटेपणा आहे.

म्हणून खूण केलेल्या प्रत्येक नोंदीपुढं लिहा: यात जोर कुणाचा चालतो आणि सोसतंय कोण? ज्याचा जोर चालतो त्याला हसायचं. खुशालीच्या विषयात टोळीवाल्याला खलनायक करणं सोपं वाटतं, पण तो बीड-धाराशिवकडून पोटासाठी आलेला आणि पालात राहणारा माणूस आहे. हसायचं ते वजनकाट्यापासून ऑफिसापर्यंत 'आमच्या हातात काही नाही' म्हणणाऱ्या साखळीला. शरीराचं व्यंग, रंग, जात, बाईचं चारित्र्य हे विषय मी पहिल्याच दिवशी खोडून टाकायला सांगते. त्यात धोका आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ते आळशी विनोद आहेत. त्यांना वही लागत नाही.

देवलांकडून दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाला दोष एकच, संशय. बायकोच्या हातात एक तसबीर दिसते आणि तो पुढचं सगळं त्या संशयातूनच बघतो. पात्राला पाच विचित्र सवयी देऊ नका. एकच खोड द्या आणि प्रत्येक वाक्य त्या खोडीतून जाऊ द्या.

दोघं समोरासमोर

काळू-बाळू म्हणजे कवलापूरचे लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ. तमाशा त्यांच्या घरात पिढ्यांपासूनचा. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी दोन हवालदार रंगवले आणि त्याच पात्रांच्या नावांनी ते महाराष्ट्रभर ओळखले गेले. वगात राजा असतो, प्रधान असतो, पण लोक वाट बघायचे हवालदारांची. ही निवड फार शहाणपणाची आहे. राजवाड्यातला सगळ्यात खालचा माणूस, वरून आलेला हुकूम त्याला पाळायचाय, आणि हुकूम काय आहे ते त्याला धड कळलेलं नाही. सत्तेची गंमत तिथूनच सगळ्यात स्पष्ट दिसते. तुमच्या बतावणीत आमदार, सरपंच आणू नका. त्यांचा हुकूम घेऊन उभा असलेला शिपाई, राखणदार, पाणी सोडणारा माणूस आणा.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा वहीत एवढीच नोंद आहे: 'टाकीची गळती कधी थांबणार? यावर उत्तर: टाकीत पाणीच नाही, तर गळती कुठली?' उत्तर देणारा गंभीर होता. यातून दोघं उभे करायचे. बाबू विचारणारा, सोपाना राखणदार.

बाबू : सोपाना, हितं काय करतुयास उनाचं?
सोपाना : टाकी राखतुय. पंचायतीनं नेमलंय मला.
बाबू : का? पाणी चोरीला जातंय व्हय?
सोपाना : असतं तर गेलं असतं की.
बाबू : मंजी टाकी रिकामी?
सोपाना : हळू बोल. वर कळवलंय, गळती शून्य.
बाबू : आरं, रिकाम्या टाकीला गळती कशी हुईल?
सोपाना : तेच म्हनतुय मी. तालुक्यात पयला नंबर आलाय आपला.
बाबू : मग बक्षीस मिळालं आसंल की.
सोपाना : मिळालं तर!
बाबू : काय मिळालं?
सोपाना : दुसरी टाकी.

पहिल्या खर्ड्यात या जागी हमखास आणखी एक वाक्य येतं. बाबू पुढं येऊन म्हणतो, "मंडळी, ही तर जनतेची फसवणूक आहे!" ते खोडा. लोकांना ते आधीच कळलंय, आणि कळल्याचा आनंद तुम्ही त्यांच्या हातून काढून घेताय. दुसरं असं की सोपाना मूर्ख नाही. तो अभिमानी आहे, आणि पहिल्या नंबराचा त्याला खरोखर आनंद झालाय. नटानं इथं डोळा मारला, आपणही हसलो, तर सगळं कोसळतं. तिसरं, शेवटचा शब्द 'टाकी' आहे. ज्या शब्दावर हशा यायचा तो वाक्याच्या अगदी शेवटी ठेवायचा. "दुसरी टाकी मिळाली की राव आपल्याला" असं म्हटलं की हशा 'टाकी'वर निघतो आणि 'मिळाली की राव'मध्ये विरतो.

असे तीन-चार तुकडे झाले की दहा मिनिटं भरतात. ते एकाच विषयाचे असावेत. पाणी तर पाणी, ऊस तर ऊस. अण्णा भाऊंनी 'अकलेची गोष्ट'सारख्या वगनाट्यांत हेच केलं: गण-गौळणीची जुनी चौकट बदलली, कष्टकऱ्याचा प्रश्न मधोमध ठेवला आणि हसत हसत तो शेवटपर्यंत सोडला नाही. तमाशावर सरकारी बंदी आली तेव्हा त्यांनी तोच बाज लोकनाट्य म्हणून उभा ठेवला. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबतच्या लाल बावटा कलापथकातून तो गिरणगावातल्या कामगारांपर्यंत गेला. विषयाला चिकटून राहण्याची ताकद किती असते ते त्यातून कळतं.

बोली आपली ठेवा. माणदेशातला माणूस आणि कृष्णाकाठचा माणूस सारखं बोलत नाहीत, आणि जावळीच्या डोंगरातला तिसऱ्याच तऱ्हेनं बोलतो. टीव्हीवरची 'गावरान' भाषा उचलू नका. ती कुठल्याच गावाची नाही. बोलीतला शब्द हशा पिकवायला म्हणून फेकायचाही नाही. व्यंकटेश माडगूळकर हे माडगूळचे. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रभर कथाकथन केलं. त्या तिघांनी ग्रामीण माणसाच्या बोलण्याची टर उडवली नाही. ती बोलणारी माणसं पुरती शहाणी होती, आणि श्रोते हसायचे ते त्यांच्या अडचणीतल्या युक्त्यांना.

मर्यादा कुठं आखायची

साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हाच तो बोरीचा बार. बाहेरचा माणूस बघून चक्रावतो. पण नीट पाहिलं तर या प्रकाराइतकं शिस्तीचं काही नाही. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मधे ओढा. दोन्ही काठांना तोंड सारखंच मोकळं. कुणा एकीला घेरून बाकीच्या तुटून पडल्यात असं नाही. आणि दिवस संपला की विषय संपला.

आपल्या बतावणीला मी याच अटी लावीन. ज्याच्यावर बोलणार तो समोर बसलेला असावा, आणि त्याला उत्तर द्यायला वाव असावा. मांडवात सगळ्यांसमोर जे बोलू शकत नाही ते पाठीमागं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. पदावर बोला, माणसाच्या घरावर नको. नाव घेऊन खोटा आरोप केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा गुन्हा ठरू शकतो, आणि 'गंमत होती' म्हणून सुटका होईलच असं नाही.

आज यात मोबाईलची भर पडली आहे. कुणीतरी चित्रीकरण करणारच, आणि त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मागचं-पुढचं तोडून फिरणारच. म्हणून तालमीच्या वेळी संहितेतलं एकेक वाक्य सुटं काढून मोठ्यानं वाचा. तेवढंच वाक्य शेजारच्या गावात, वेगळ्या समाजाच्या घरात ऐकलं गेलं तर कसं वाटेल? जिथं मन कचरतं ते वाक्य बदला. धर्माचा विषय तर घेऊच नका. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यात पुसेसावळीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल पेटली आणि माणसाचा जीव गेला. त्याच्या आधी, २००९ मध्ये, मिरजेत एका कमानीवरच्या चित्रावरून शहर पेटलं होतं. आपल्या मातीत हसण्याजोगे विषय इतके आहेत की हा एक सोडल्यानं काही कमी पडत नाही.

तालीम आणि प्रयोग

लिहून झालं की दोघांनी समोरासमोर बसून वाचा आणि तिसऱ्यानं घड्याळ लावा. कागदावरची सात मिनिटं मांडवात हशामुळं दहा होतात, त्यामुळं सातच लिहा. हशा चालू असताना पुढचं वाक्य बोलायचं नाही. तो ओसरायला लागला, पूर्ण थांबला नाही, अशा क्षणी विचारणाऱ्यानं पुढचा प्रश्न टाकायचा. ही नस तालमीत सापडत नाही, म्हणून आधी एकदा पारावर किंवा कुणाच्या ओसरीवर दहा-पंधरा माणसांसमोर करून बघा. त्यात दोन म्हाताऱ्या आज्या असाव्यात. कॉलेजची पोरं मित्राला बरं वाटावं म्हणूनही हसतात. आजी उगीच हसत नाही.

माइक एकच असेल तर तो मधे स्टँडवर ठेवा. हातातून हातात देत बसलात तर प्रत्येक उत्तराच्या आधी खंड पडतो आणि हशा मरतो. वेश साधा असावा. सोपानाला एक शिट्टी आणि एक किल्ल्यांचा जुडगा पुरे. रिकाम्या टाकीच्या किल्ल्या तो जितक्या जपून कमरेला लावील तितकं बरं.

सरपंच आणि सदस्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा की उद्या पाण्यावर बोलणार आहोत, पहिल्या रांगेत बसा. संहिता दाखवू नका, पण विषय लपवूही नका. बहुतेक वेळा ते येतात, कारण न येणं जास्त दिसतं. प्रयोग संपल्यावर त्यांनी माइक मागितला तर लगेच द्या आणि दोघांनीही सोंग न उतरवता बाजूला उभं राहा. त्यांचं बोलणं अडवू नका, चिमटे काढू नका. ते टाकीचं काम कुठं अडलंय ते सांगतील, तारीख देतील, कुणावर तरी ढकलतील. ते जे बोलतील ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायला मंडळातल्या एकाला आधीच वही देऊन बसवून ठेवा.